पाखाडीचे क्रूस व पाखाडीचीं गाऱ्हाणीं

या महोत्सवी स्मरणिकेसाठीं धर्मग्रामाचा इतिहास आम्ही लिहावा, अशी समितीची आज्ञा झाली. धर्मगुरूंची नामावली, देवळाच्या पायाभरणीची तारीख, घंटा कोणी दिली व वेदी कोणी बांधविली, ही सर्व माहिती याच पुस्तिकेच्या पहिल्या पानांवर आलेली आहे. ती पुन्हां देऊन वाचकांचा वेळ घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. सेमिनरींत आम्हांस ख्रिस्तसभेचा जो इतिहास शिकविण्यांत आला, तो परिषदांचा, पोपमहोदयांचा व पाखंडांचा इतिहास होता. त्याची योग्यता मोठी आहे, यांत शंका नाहीं. तथापि पंचवीस वर्षांहून अधिक काळ धर्मग्रामांचें काम केल्यावर आम्हांस असें दिसून आलें कीं, लोक आमच्याकडे येतात ते पाखंडाविषयीं विचारावयास क्वचितच येतात. पाणी येत नाहीं, गटार तुंबलें आहे, शेजाऱ्यानें भिंत हातभर पुढें घेतली, मिरवणूक आमच्या गल्लींतून कां गेली नाहीं, प्रवचन अमुक भाषेंत कां झालें,—हे त्यांचे प्रश्न. आमच्या आधींच्या धर्मगुरूंसही हेच प्रश्न विचारण्यांत आले असले पाहिजेत. म्हणून वांद्र्याच्या पाखाड्यांनीं आजवर काय काय गाऱ्हाणीं मांडलीं, त्यांचाच थोडासा इतिहास येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तसें करण्यास एक कारणही घडलें. तें यथाक्रम येईलच.

वांद्रें मुंबई शहरांत १९५० सालीं सामील झालें, हें सांगितलें म्हणजे आमच्या तरुण मंडळीस आश्चर्य वाटतें. त्यापूर्वीं तें साष्टी बेटांतील एक गांव, आणि १८७६ पासून स्वतःची म्युनिसिपालिटी असलेलें एक लहान शहर होतें. रनवार, शेरली, राजन, कांतवाडी, पाली, चुईम, चिंबई या पाखाड्या म्हणजेच वांद्रें. त्यांच्यामध्यें भातशेतें, ताडमाड आणि वाड्या. १७३९ सालीं पोर्तुगीजांचें राज्य गेलें व मराठ्यांचें आलें. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली. राजे बदलले, परंतु पावसाळ्याच्या आधीं घर शाकारावयाचें आणि रविवारीं मिस्सेला जावयाचें, हा पाखाडीचा क्रम बदलला नाहीं.

मुंबईंत जावयाचें तर माहीमची खाडी आडवी होती. मासळीची किंवा भाजीची पाटी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाईस होडीची वाट पाहावी लागे, आणि भरती व वारा यांपुढें कोणाचेंच चालत नसे. १८४५ सालीं माहीमचा बांधरस्ता खुला झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं त्यासाठीं दीड लाखांहून अधिक रुपये दिले, व या रस्त्यावर सरकारनें पथकर घेऊं नये अशी अट घातली. त्यांनीं मोत माउलीस नवस केला होता, अशी आख्यायिका वांद्र्यांत सांगतात. आम्हांस आख्यायिकेपेक्षां ती अट अधिक प्रिय आहे. पाटीवालीच्या कमाईंतून रोज पथकर गेला असता, तर तिच्या पदरीं काय उरणार होतें, याचा विचार एका श्रीमंत पारशी बाईनें केला. आणि त्या पाटीवाल्यांत आमच्या पणज्या होत्या.

बांधरस्त्यामागोमाग आगगाडी आली. १८६७ सालीं विरारहून मुंबईस जाणारी बी. बी. सी. आय. रेल्वेची गाडी वांद्र्यास थांबूं लागली, आणि मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी करून रात्रीं स्वतःच्या ओटीवर जेवणें शक्य झालें. परंतु मुंबई जवळ आली ती देणगी घेऊनच आली असें नव्हे. त्याच सुमारास मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें आपला कत्तलखाना वांद्र्यास आणला. शहरास मांस हवें, पण त्याची दुर्गंधी नको, हा न्याय पुष्कळ शहरांनीं आपल्या शेजारच्या गांवांस लावलेला आहे. ज्या म्युनिसिपालिटीचा तो कत्तलखाना, तिच्यांत वांद्र्याच्या माणसास मत नव्हतें. आणि पुढें वांद्र्याची स्वतःची म्युनिसिपालिटी झाली, तिची सत्ता मुंबईच्या म्युनिसिपालिटीवर चालणारी नव्हती. शंभर वर्षांहून अधिक काळ तो तेथें राहिला. १९७१ सालीं तो देवनारास गेला. वारा पूर्वेचा असला कीं खिडक्या लावून घ्यावयाच्या, ही शिस्त कित्येक घरांत आजीपासून नातीपर्यंत चालत आलेली होती. देवनारच्या शेजाऱ्यांस काय वाटलें असेल, हें त्या वेळीं वांद्र्यांत फारसें कोणी बोललें नाहीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

पाण्याचीही तीच कथा. १८६० सालीं पुरा झालेला विहार तलाव साष्टींतला, १८७९ चा तुळशीही साष्टींतला. पण दोन्हीं बांधले गेले ते मुंबई शहराच्या तहानेसाठीं. साष्टीचीं गांवें आपल्या विहिरींवर राहिलीं. विहिरीचें पाणी केवळ पिण्यापुरतें नव्हतें. आमच्या लोकांत लग्नाच्या आधीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणण्याची चाल आहे. ती कोणत्या विहिरीवर जावयाची, घागर कोणी धरावयाची, वाटेंत कोणाच्या दारावरून जावयाचें, यावरून भाऊबंदांत रुसवेफुगवे होत. पुढें १९११ च्या सुमारास डॉ. बेंटले यांनीं मुंबई शहरांतील हिवतापाची चौकशी केली, आणि हा ताप पसरविणारे डास घरांतील व वाड्यांतील विहिरींत निपजतात असें दाखवून दिलें. तेव्हांपासून विहिरी झांकणें व बुजविणें हें मुंबईंतील नित्याचें भांडण होऊन बसलें. शास्त्र डॉक्टरांच्या बाजूस होतें, हें आम्ही मान्य करतों. पण बुजविलेल्या विहिरीबरोबर एक चव्हाटाही बुजतो, हें डॉक्टरांच्या अहवालांत येत नाहीं. अलीकडे एका लग्नांत आम्हीं पाहिलें कीं, इमारतीच्या आवारांतील नळाखालीं घागर भरून वाजंत्र्यांसह वर नेण्यांत आली. घागर धरणाऱ्या मावशी मात्र कोणी असाव्यात, यावरचा वाद तसाच कायम होता.

आतां जें सांगणार आहों, त्यावर आमचीं वडील मंडळी बोलत नाहींत. एकाच वांद्र्यांत, एकाच विश्वासाचे व एकच जपमाळ म्हणणारे लोक दोन धर्मसत्तांखालीं विभागले गेले होते. पोर्तुगालच्या राजास पूर्वींच्या पोपांनीं महागुरू सुचविण्याचा व देवळांचा योगक्षेम चालविण्याचा जो हक्क दिला होता, तो पाद्रोआदो. आणि रोमच्या धर्मप्रसार मंडळाकडून थेट चालणारा कारभार तो प्रोपागांडा. मुंबई बेटावर हा दुहेरी कारभार १७९४ पासून होता. वांद्र्यास संत अंद्रेयाचें जुनें देऊळ पाद्रोआदोकडे, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निघालेलें संत पेत्राचें देऊळ दुसऱ्या पक्षाकडे. १८८६ च्या करारानें दमणचा धर्मप्रांत निर्माण करून पाद्रोआदोची व्यवस्था लावण्यांत आली. पण वाद मिटला नाहीं. गल्लीच्या या बाजूचें घर एका महागुरूंचें आणि समोरचें घर दुसऱ्यांचें. लग्न ठरलें कीं आधीं हुंड्याचें बोलणें नव्हे, तर देऊळ कोणतें याचें बोलणें होई. शेवटीं १५ एप्रिल १९२८ रोजीं रोम व पोर्तुगाल यांच्यांत नवा करार झाला, आणि वांद्र्यांतील सर्व कॅथलिक मुंबईच्या एका महागुरूंखालीं आले. करारावर सह्या होण्यास एक दिवस लागतो. समोरच्या घरीं पुन्हां जाण्यास किती दिवस लागले, तें पाखाडीसच ठाऊक.

परंतु या दोन्ही पक्षांस एकत्र उभें करणारी वेळ त्यापूर्वींच येऊन गेली होती. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिसन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे व आपल्याच धर्माचे. त्यांचा पुतळा धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर उभा आहे, आणि त्याखालून रोज जाणाऱ्या हजारोंपैकीं थोडेच वर पाहतात. शहर सोडून लोक हजारोंनीं पळूं लागले, आणि ताप त्यांच्याबरोबर उपनगरांत शिरला. १८९७ च्या सांथीच्या कायद्यानें अधिकाऱ्यांस घरांत शिरण्याचा, आजारी माणूस वेगळा काढण्याचा व सामान जाळण्याचा अधिकार दिला. आजारी मूल पाहणीदारापासून लपविणाऱ्या आईस गुन्हेगार म्हणावें कीं काय, हा प्रश्न आजही सोपा नाहीं. २०२० च्या सांथींत हाच जुना कायदा पुन्हां बाहेर निघाला, तेव्हां आमच्या गल्ल्यांतून तो पुन्हां विचारला गेला.

या प्रसंगीं पाखाडीचें मत अगदींच अडाणी होतें असें समजूं नये. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें, हें साध्या माणसांस अनुभवानें कळलें होतें. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदराच्या पिसवेकडे १८९८ सालीं बोट दाखविलें, तेव्हां मोठमोठ्या विद्वानांनीं तें हंसण्यावारी नेलें. मुंबईंत १९०५ पासून प्लेग कमिशननें प्रयोग केल्यावर तें मान्य झालें. तोंपर्यंत साहेब लोक घरें धुवून काढीत होते, आणि पाखाडी उंदीर मोजीत होती.

याच वर्षांत वांद्र्याच्या पाखाड्यांतून क्रूस उभे राहिले. कोठें वेशीवर, कोठें तिठ्यावर, कोठें दोन घरांमधील मोकळ्या जागेंत. दगडी चौथरा, त्यावर चुन्यांत घडविलेला क्रूस, अंगावर हातोडा, खिळे, शिडी, कोंबडा हीं प्रभूच्या दुःखसहनाचीं चिन्हें, आणि तळाशीं एक साल. बंद देवळांत गर्दी करण्याची भीति वाटे, म्हणून लोक सायंकाळीं उघड्यावर क्रूसासमोर गुडघे टेकीत, असें आमचे वृद्ध त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलें सांगतात. संत रोक व संत सेबास्तियान यांचा धांवा होई. क्रूसासमोर उभें राहतांना कोण पाद्रोआदोचा व कोण प्रोपागांडाचा हें विचारण्यास धर्मगुरूच हजर नसे. पाखाडी आपली आपण प्रार्थना करी. आम्ही धर्मगुरू असूनही हें लिहितों, कारण तें खरें आहे. मे महिन्यांत क्रूसाशीं जमून जपमाळ व लादाईन म्हणावयाची, आणि नंतर पोरांस उकडलेले चणे वाटावयाचे, ही चाल आजपर्यंत चालली ती घरोघरच्या बायकांच्या बळावर.

येथें एक सूचना करून ठेवतों. प्रत्येक क्रूस प्लेगचा नव्हे. अलीकडे पाहुण्यांस वांद्रें दाखविणारी मंडळी प्रत्येक क्रूसापाशीं प्लेगचीच गोष्ट सांगतात, कारण ती रंगते. कांहीं क्रूस त्याहून जुने आहेत, कांहीं नवसाचे, कांहीं समुद्रांत गेलेल्या माणसाच्या आठवणीचे. साल वाचावें, मग बोलावें.

प्लेगच्या आधीं नऊ वर्षें, म्हणजे १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवीं आमच्या लोकांनीं ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें. गोव्याहून व मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख निराळी असावी, आणि सरकारी नोकऱ्यांत येथल्या मूळच्या रहिवाशांचा हक्क दिसावा, हा त्यांतील हेतु. त्या नांवाच्या बऱ्यावाईटाची चर्चा अन्यत्र पुष्कळ झाली आहे. आमचें लक्ष त्यामुळें एका निराळ्याच गाऱ्हाण्याकडे जातें. नांव इंग्रजी घेतलें, शाळा इंग्रजी घेतली, पण स्वयंपाकघरांत व भांडणांत भाषा मराठीच राहिली. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण रायतूर येथें १६१६ सालीं छापलें गेलें. म्हणजे प्रभूची कथा मराठी ओंवींत येऊन चार शतकें लोटलीं. तरी रविवारीं मराठी मिस्सा कितव्या वाजतां ठेवावी, हा वाद आमच्या धर्मग्रामांत अद्यापि चालू आहे. १९६३ च्या डिसेंबरांत व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेस दार उघडलें. पण त्या दारांतून कोणत्या भाषेनें आधीं शिरावें, हें परिषदेनें सांगितलें नाहीं. पहाटेच्या मिस्सेस मराठी व सुटाबुटाच्या मिस्सेस इंग्रजी, ही वाटणी कोणी ठरविली नाहीं, आणि म्हणूनच ती मोडणें कठीण जातें.

घरांच्या गाऱ्हाण्यांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तें प्रत्येकास तोंडपाठ आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. भाडेकरूस आश्रय मिळाला, मालकास दुरुस्तीस पैसा मिळेनासा झाला, आणि घर दोघांच्या डोक्यावर गळूं लागलें. पुढें जमिनीस सोन्याचा भाव आला व बंगल्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. पांच भावांत एक गळकें घर वांटून दाखवावें, मग बोलावें. परंतु घर गेलें, शेतें आधींच गेलीं होतीं, विहीर बुजली. पाखाडीची म्हणून जी एकच वस्तु उघड्यावर उरली, ती म्हणजे क्रूस. आणि तिच्यावरही प्रश्न आला.

२९ सप्टेंबर २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक जागेंत नवीं अनधिकृत धर्मस्थळें होऊं नयेत असा आदेश दिला, व जुन्यांची छाननी राज्यांवर सोंपविली. आदेश सर्व धर्मांस सारखा होता आणि त्याचें कारणही योग्य होतें. रस्त्यांत रातोरात उगवणारीं देवस्थानें आम्हीही पाहिलेलीं आहेत. पण छाननी म्हणजे कागद. १८९६ सालीं ज्यांच्या घरांतून प्रेतें निघत होतीं, त्यांनीं क्रूस बांधण्यापूर्वीं कागद केला नाहीं. २०१७ च्या एप्रिलांत वांद्र्याच्या बाजार रस्त्यावरील शंभराहून अधिक वर्षांचा एक क्रूस महानगरपालिकेनें पाडला. तो खाजगी जागेंत होता असें तेथील लोकांचें म्हणणें होतें. त्या आठवड्यांत पाखाड्यांतून जी अस्वस्थता होती, ती आम्हीं जवळून पाहिली. आम्हांस विचाराल तर क्रूस हलविणें हें पाप नव्हे. आमच्याच हद्दींत रुग्णवाहिका वळत नाहीं म्हणून एक क्रूस पाखाडीच्या संमतीनें तीन हात मागें घेण्यांत आला. आम्हीं स्वतः तो पुन्हां आशीर्वादिला, आणि ज्यांनीं प्रथम विरोध केला होता त्यांनींच चणे वाटले. विचारून हलविणें निराळें, आणि न विचारतां पाडणें निराळें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं आमच्याकडेही एका कार्यालयाचें पत्र आलें: अमुक क्रूस किती सालचा व कोणाच्या जागेंत, याचा पुरावा सादर करावा. तळाचें साल चुन्याच्या थरांखालीं बुजलेलें. शेवटचा आंकडा सहा कीं नऊ यावर दोन घरांत दोन मतें. देवळाच्या दप्तरांत स्नानसंस्कार, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी होत्या, क्रूसाची एकही नाहीं. जवळजवळ आशा सोडली असतां त्याच पाखाडींतील एक वृद्ध बाई पत्र्याच्या पेटींतील एक वही घेऊन आल्या. ती मे महिन्याच्या लादाइनीच्या वर्गणीची वही. पहिलें पान १९३८ सालचें. चणे, मेणबत्त्या, खोबरेल, बत्तीचें भाडें, क्रूसास चुना, आणि प्रत्येक घरानें दिलेले आणे, सर्व ओळीनें लिहिलेलें. समासांत मधूनमधून शेरे: एका वर्षीं गाणें मराठींत म्हटलें म्हणून दोन घरें आलीं नाहींत, पुढच्या वर्षीं तें लॅटिनांत म्हटलें, तेव्हां तीं दोन घरें आलीं आणि दुसरीं तीन रुसलीं. एका पानावर क्रूसाच्या जागेची हकीकतही निघाली. अर्धी जागा एका घराची, अर्धी शेजाऱ्याची, आणि कुंपण सरकवितांना क्रूस सोडून सरकवावें असें दोघांनीं ठरविल्याची नोंद, खालीं एकाची सही व दुसऱ्याचा अंगठा. भांडण मिटवितांना केलेली ती नोंद आमच्या सर्व दप्तरांपेक्षां उपयोगी पडली. वही पाहिल्यावर पुन्हां पत्र आलें नाहीं. क्रूस जागेवर आहे.

वहीच्या शेवटच्या चार पानांवर बाटली मसाल्याचें प्रमाण लिहिलेलें आहे. वही देतांना बाईंनीं तीं पानें पिनेनें टांचून बंद केलीं होतीं.

आमच्या हद्दींत अजून सात क्रूस असे आहेत कीं ज्यांचा एकही कागद आमच्यापाशीं नाहीं. ज्यांच्या घरीं अशी वही, वर्गणीची पावती, गवंड्याचा हिशेब, क्रूसासमोर काढलेलें लग्नाचें किंवा प्रथम कम्युनियनचें छायाचित्र असेल, त्यांनीं तें महोत्सवानंतरच्या कोणत्याही रविवारीं मराठी मिस्सा संपल्यावर आमच्या कचेरींत आणावें. नक्कल करून मूळ त्याच दिवशीं परत देण्यांत येईल. टांचलेलीं पानें उघडण्यांत येणार नाहींत.